लाखेचा ठिपका

सकाळी उठल्यापासून जोतिबाच्या देवळाच्या शिखराचं दर्शन होईपर्यंत मी बोलत नाही आणि खात नाही. हा नेम मूळ माझ्या आईचा. माझं माहेर जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, त्यामुळे तिथं त्यात अवघड काही नव्हतं. परसात तोंड धुवायला गेलं की वर शिखर. हात जोडायचे, "दिसलं" म्हणायचं, की तोंड मोकळं. दिवसाचा पहिला शब्द हाच.

लग्न होऊन मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आले आणि पहिल्याच सकाळी पंचाईत झाली. गच्चीवर गेले तर डोंगर लांब, निळसर, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. शिखर काही दिसेना. खाली येऊन गप्प बसले. सासूबाईंनी चहा पुढं केला, मी मान हलवली. भाकरी पुढं केली, मान हलवली. दुपार झाली तशी त्या माझ्यासमोरच मोठ्यानं म्हणाल्या, "मुकी पोरगी गळ्यात घातली काय रं आमच्या?"

आमचे हे पोस्टात होते. संध्याकाळी घरी आले, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यापुढं एक जुनं पाकीट आणि पेन ठेवलं. मी पाकिटावर लिहिलं, 'इथून शिखर दिसत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. हसले नाहीत. म्हणाले, "दोन-चार दिवस डोंगरालाच शिखर समज. पुढचं मी बघतो."

चौथ्या दिवशी ते हातकणंगल्याहून दुर्बीण घेऊन आले. तिथल्या एका रिटायर सुभेदारांनी वापरलेली, जाड, काळी, एका बाजूचा रंग उडालेला. पुढच्या दोन्ही काचा मात्र मोरपिसासारख्या निळ्या चमकायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला गच्चीवर नेऊन त्यांनी कठड्यावर कोपरं टेकली. बराच वेळ इकडं तिकडं फिरवली, काय काय पिळलं, आणि मग श्वास रोखून दुर्बीण माझ्या हातात दिली. "बघ आता. कशाला हात लावू नको, सगळं बसवलंय."

मी डोळे लावले. दोन करडे गोल. एकावर एक चढलेले. आत धुकं आणि धुक्यात काहीतरी थरथरतंय.

ते माझ्या खांद्याशी उभे होते. अंगाला साबणाचा वास. खालून सासूबाईंची हाक आली, "झालं का न्हाय दर्शन? भाकरी गार व्हायल्यात!"

"दिसलं," मी म्हणाले.

त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तसा मी नंतर एकदाच पाहिला, आमची क्रांती जन्मली तेव्हा. मनात म्हटलं, उद्या खरं सांगू. उद्या सांगणं आणखी अवघड झालं. महिन्याभरानं तर सांगायची सोयच उरली नाही. रोज पहाटे ते माझ्या आधी उठून वर जायचे, शिखर शोधून ठेवायचे, मी जायची, डोळे लावायची, धुकं बघायची आणि म्हणायची, "दिसलं." पावसाळ्यात डोंगर ढगात बुडाला की तेच म्हणायचे, "ढगामागं हाय की ते, कुठं जातंय? जोड हात." त्या चार महिन्यांत मला जरा बरं वाटायचं. तेव्हा ते आणि मी, दोघंही न बघता हात जोडायचो.

अशी बत्तीस वर्षं गेली. मी एकादशी मोडली नाही, रविवारचा उपास मोडला नाही, पोथीचा अध्याय कधी चुकवला नाही. आणि रोज दिवसाचा पहिला शब्द खोटा बोलले.

ते जाऊन आता चार वर्षं झाली. क्रांती जयसिंगपूरला दिलेली, शाळेत शिकवते. घरात मी एकटी. सकाळी न बोलण्याचं व्रत आता फार सोपं झालंय. दर्शन झालं तरी बोलायचं कुणाशी? दहा-दहा वाजेपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नाही. कधी कधी दूधवाल्याला "उद्या अर्धाच" म्हणताना माझाच आवाज मला परका वाटतो.

तरी मी रोज वर जायची. दुर्बीण देवघरातून काढायची, डोळे लावायची. "दिसलं" मात्र ते गेल्यापासून मी म्हटलं नव्हतं. ज्याला सांगायचं तोच नव्हता, आणि देवाला खोटं सांगायचं धाडस मला नव्हतं. नुसते हात जोडायची आणि खाली यायची.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची जुनी माडी पाडली. दिवाळीपर्यंत तिथं तीन मजल्यांचे खांब उभे राहिले. आमच्या गच्चीच्या बरोबर समोर, डोंगराच्या बाजूला. पेठेतली घरं ती, हात लांब केला तर खांबाला लागेल एवढंच अंतर. अजून भिंती नव्हत्या म्हणून खांबांच्या मधून डोंगर दिसत होता. भिंत आली की संपलं.

तेव्हा मनात एकच आलं. भिंत यायच्या आत एकदा, एकदाच, शिखर खरोखर बघायचं. बत्तीस वर्षं म्हटलेला तो शब्द खरा करून टाकायचा.

दोष काचेचा असणार अशी माझी समजूत होती. सुरुवातीपासूनच तिच्यात काहीतरी कमी असेल, आणि आता तर ती अगदीच गेली होती. मोरपंखी निळं कधीच उडालं होतं. काचांवर पांढरट ओरखडे उठले होते, उजेड पडला की सगळं दुधाळ दिसायचं.

क्रांतीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, अगं नवीन मागवते की. परवा दारात येईल."

"नवीन नको."

"जुन्यात एवढं काय आहे?"

"मी जे बोलले ते तिच्यासमोर बोलले," मी म्हणाले.

"काय बोललीस?"

मी विषय बदलला.

बाळासोंचं दुकान पेठेतच, तालमीच्या मागच्या बोळात. जुने कॅमेरे, जमीन मोजायची यंत्रं, दुर्बिणी, असलं सगळं ते दुरुस्त करतात. माणूस भला, पण आवाज असा की समोरच्याशी बोलले तर मागच्या गल्लीला ऐकू जावं.

"या वहिनी, या! ही साहेबांची दुर्बीण न्हवं? ह्याचा पट्टा मीच बदलून दिल्ता." त्यांनी ती ट्यूबलाईटखाली धरली, तिरकी केली आणि मला जवळ बोलावलं. "ह्या काचंत बगा. काय दिसतंय?"

"ट्यूब."

"कसल्या रंगाची?"

"पांढरी."

"तिथंच घोळ हाय. कोटिंग जागेवर असतं तर निळी दिसली असती. ह्या कडंला बगा, नखाएवढं उरलंय." खरंच, एका कडेला निळी चंद्रकोर होती. "कोटिंग म्हंजे काचंवरचा पातळ थर. तो नसला की निम्मा उजेड काचंवरनंच परत जातोय, आत चित्र कसलं उमटणार? आता सांगा, पुसता कशानं?"

"पदरानं."

"आनि?"

मी हळूच म्हणाले, "राखेनं. देवाची भांडी घासून झाली की तीच चिमूटभर."

बाळासोंनी डोळे मिटले. "आनि हे तांबूस डाग?"

"कुंकू."

"काचंला?"

"खंडेनवमीला सगळ्याच हत्यारांना लावतो की आपण. तिचं कपाळ कुठलं समजायचं मग?"

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि असे हसले की शेजारचा पानवाला डोकावला. "आवो, वहिनींनी काचा घासल्यात भांड्यागत!" त्याला सांगितलं. "आनि हळदीकुंकू बी केलंय. वहिनी, ओटी तेवढी भरली न्हाईसा न्हवं?"

मीही हसले. मात्र कुंकू वर्षातून एकदाच लागत नव्हतं, हे त्यांना सांगितलं नाही. हे गेले आणि माझ्या कपाळाचं कुंकू उतरलं. करंडा देवघरातच राहिला. दुसऱ्या दिवशी पूजा करताना बोट सवयीनं करंड्यात गेलं, बाहेर आलं आणि त्याला जायला जागा नव्हती. दुर्बीण समोर होती. तेव्हापासून रोज, दोन्ही काचांना. रोज लावायचं आणि रोज पुसायचं.

"हुईल का नीट?" मी विचारलं.

"हुईल की. पुढच्या दोन मोठ्या काचा काढून पुण्याला धाडतो. उरलंसुरलं कोटिंग उतरवायचं, काच पॉलिश करायची, मग हवा काढलेल्या पेटीत ठिवून नवं चढवायचं. ह्या काचा दोन-दोन चिकटवलेल्या असत्यात, जास्त तापवल्या की सुटत्यात. म्हणून बेतानं कराय लागतंय. पर पयल्यापेक्षा भारी हुईल. तवा एकच थर द्यायचे, आता पाच-सात देत्यात. चित्र कसं, धुतल्यागत."

"निळंच असेल ना?"

"आता हिरवं येतंय."

"निळं नाही मिळायचं?"

"वहिनी, वस्तू चांगली करून घ्यायला आलासा का जुनी करून घ्यायला?"

मी कडेच्या त्या निळ्या चंद्रकोरीवरून बोट फिरवलं. "करा हिरवं," म्हणाले. "किती दिवस?"

"पंधरा-वीस."

"अहो, मग तोवर मी जेवायचं कसं?"

बाळासो माझ्याकडं बघत राहिले. दुर्बिणीचा आणि जेवणाचा काय संबंध, ते मी त्यांना सांगितलं नाही. नमस्कार करून घरी आले, आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी असताना मला एकदम हसू फुटलं. बत्तीस अधिक चार, छत्तीस वर्षं मी न बघताच जेवत होते. मग या पंधरा-वीस दिवसांचं एवढं काय? हसता हसता रडू आलं. मग मी ठरवलं, दुर्बीण येईपर्यंत एकवेळ जेवायचं, दिवे लागल्यावर. दंड म्हणून.

ते दिवस लांब गेले. सकाळी सवयीनं वर जायची, रिकाम्या हातांनी. समोरच्या स्लॅबवर आता माणसं आली होती. त्यात एक बाई रोज माझ्या आधी हजर असायची. शिरोळच्या पलीकडची, सीमेकडची. रत्नव्वा. नाव मला कळलं कारण मिस्त्री दिवसभर तिच्याच नावानं ओरडायचा. डोक्यावर विटांचं घमेलं घेऊन ती खांबांच्या मधून जाताना माझ्याकडं बघून हसायची.

"च्या झाला का वो, आक्का?"

मी हात जोडायची. मौन.

"आज थंडी लई हाय वो."

मी मान हलवायची.

तिनं चार-पाच दिवस असं केलं आणि मग बोलणं सोडून खुणा करायला लागली. कपाची खूण, म्हणजे चहा झाला का. अंगाभोवती हात, म्हणजे थंडी. मीही खुणेनं उत्तर द्यायची. कित्येक दिवसांत माझं कुणाशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

भिंत मागच्या बाजूनं वर येत होती. रोज दोन-दोन थर.

एकोणिसाव्या दिवशी बाळासोंचा निरोप आला. गेले तर त्यांनी आधी दुर्बीण ट्यूबलाईटखाली धरली. दोन्ही काचांत हिरवी-जांभळी ट्यूब उमटली, पाण्यात पडल्यासारखी. निळ्या चंद्रकोरीचा मागमूस नव्हता. सुंदरच होतं. आणि मला क्षणभर वाटलं, ही कुणाची दुसऱ्याचीच दिली की काय.

"चला बाहेर. समोर पाटी हाय ती बगा."

मी चष्मा काढला, दोन्ही डोळे लावले. दोन गोल. एकावर एक चढलेले. दुधाळपणा गेला होता, उजेड पुष्कळ होता, आणि त्या लख्ख उजेडात तेच ते धुकं.

"दिसलं," मी म्हणाले.

तोंडातून आपोआप गेलं. एवढ्या वर्षांचं वळण.

"काय लिवलंय?" बाळासोंनी विचारलं.

मी दुर्बीण डोळ्यांना आणखी दाबून धरली.

"वाचा की पाटी. काय लिवलंय तिच्यावर?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाले, "नाही दिसत."

"मग दिसलं का म्हणालासा?"

"मला कधीच दिसलेलं नाही, बाळासो," मी म्हणाले. एवढं हळू की त्यांना पुढं वाकावं लागलं.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः डोळ्यांना लावली. एक डोळा, दुसरा डोळा. भुवया आकसल्या. मग उजव्या डोळ्याकडच्या नळीवरचं कडं फिरवून बघायला गेले. ते हलेना. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जवळून पाहिलं.

"अरे तिच्या! ह्यो तांबडा ठिपका मला वाटलं तुमचं कुंकूच हाय. ही तर लाख हाय!"

"लाख?"

"पोस्टात पार्सलाला लावत्यात ती. साहेबांनी कडं फिरू नये म्हणून डाग दिलाय." ते जरा थांबले. "त्यांचा उजवा डोळा अधू हुता काय?"

"लहानपणी विटी लागली होती."

"मग बरोबर. हे कडं उजव्या डोळ्याच्या नंबरासाठी असतंय. त्यांनी त्यांच्या डोळ्याला बसवलं आनि बंद करून टाकलं. ह्यातनं त्यांना झकास दिसत असणार. तुमच्या धडक्या डोळ्याला जन्मात दिसायचं न्हाय. थर कितीबी चढवा, डोळा तर बदलत न्हाय न्हवं?" बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा बारका पेचकस उचलला. "थांबा, दोन मिंटाचं काम हाय. खरवडून टाकतो."

माझा हात कधी पुढं गेला मलाच कळलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं होतं. परक्या पुरुषाचं मनगट मी आयुष्यात पहिल्यांदा धरलं.

"नको."

"आवो, त्याबिगर दिसायचं न्हाय."

"तो त्यांचा डोळा आहे," मी म्हणाले.

बाळासो काहीतरी बोलणार होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी पेचकस खाली ठेवला. मोठ्या आवाजाचा तो माणूस पहिल्यांदाच हळू बोलला. "बरं. मग असं करा. उजवा डोळा मिटा. डाव्यानंच बगा. डाव्या नळीला ही भानगड न्हाय, तिचं हे मधलं चाक. हे फिरवा, सावकाश."

"याला हात लावू नको म्हणाले होते."

"पयल्या दिवशी म्हणाले असतील. तुमी तेच धरून बसला काय?"

मी उजवा डोळा मिटला. चाकाला बोट लावलं. धुकं हललं, दाटलं, मग विरलं. त्यातून अक्षरं वर आली. काळी, ठसठशीत, अगदी नाकाशी.

"येथे पिको-फॉल करून मिळेल," मी वाचलं. खाली फोन नंबर होता, तोही वाचला. शेवटच्या आकड्यापर्यंत.

"झ्याक!" बाळासो म्हणाले. "आता तेवढी राख लावू नका. कुंकू लावायचंच असलं तर पट्ट्याला लावा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ, पूजा झाली. करंड्यात बोट बुडवून पट्ट्याला एक ठिपका लावला आणि गच्चीवर गेले. थंडी होती, हवा काचेसारखी. समोर उजव्या बाजूच्या खांबांमधली भिंत छातीपर्यंत आली होती. डावीकडच्या दोन खांबांमधून अजून डोंगर दिसत होता. तिथंच खाली विटा रचून ठेवलेल्या.

रत्नव्वा विटांवर पाणी मारत होती. माझ्याकडं बघून तिनं कपाची खूण केली, मग विटांकडं बोट दाखवून हात आडवा-उभा फिरवला. आज इथली भिंत.

मी कठड्यावर कोपरं टेकली, ते टेकायचे तशी. उजवा डोळा मिटला. चाक फिरवलं. आधी झाडं आली, मग उतारावरचा रस्ता, मग डोंगराचा माथा. माथ्यावरून हळूहळू सरकत गेले. श्वास सोडला तरी सगळं हलत होतं.

आणि मग ते होतं.

केवढं बारीक! तांदळाच्या दाण्याएवढं. शेजारी आणखी दोन दाणे, जरा बुटके. मी इतकी वर्षं मनात धरलेलं शिखर परसातलं होतं, आभाळाला टेकलेलं. हे त्याच्यापुढं काहीच नव्हतं. पण होतं. कोवळं ऊन त्याच्या एका अंगाला लागलं होतं. एवढासा दाणा शोधायला ते माणूस रोज पहाटे अंधारात उठून वर येत होतं. त्यांना स्वतःला देवाधर्माचं फारसं नव्हतं. मी उपाशी राहू नये एवढंच.

मग मी डावा डोळा मिटला आणि उजव्यानं पाहिलं. धुकं. तेच, ओळखीचं. मला धुकं, त्यांना शिखर. तसंच थोडा वेळ बघत राहिले.

पुन्हा डावा डोळा लावला. डोळ्यात पाणी आलं होतं, ते पुसलं.

"दिसलं," मी म्हणाले.

पलीकडं पाण्याचा डबा खाली पडला. "अव्वा!" रत्नव्वा ओरडली. "बोलता की वो तुम्ही!"

"बोलते की."

"मला वाटलं मुक्या हाय! पंधरा दिस झालं मी माकडागत हात हलवायलोय!"

मी तिला व्रत सांगितलं. ती पदर कमरेला खोचून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे तुमचा पयला शब्द मी ऐकला वो आज."

"हो."

"काय दिसतंय त्यातनं? शिखर? खरंच? आमच्या आईचा बी देव त्यो. मी अजून गेलो न्हाय कधी." तिनं मागं वळून मिस्त्री आलाय का पाहिलं. "मला दावता?"

मी पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून हात लांब केला. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, दुर्बीण दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी घेतली. डोळ्यांना लावली. दोन्ही डोळे.

"दिसलं वो, आक्का!" ती म्हणाली. "लई झ्याक!"

ते 'दिसलं' फार लवकर आलं. चाकाला तर तिनं बोटही लावलं नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना तशीच होती आणि खाली तोंड हसत होतं. माझ्यासाठी हसत होतं. मी ते हसू आतून ओळखत होते. बाहेरून पहिल्यांदाच बघत होते.

ते माझ्या खांद्याशी उभे राहून रोज हेच बघत असतील. त्यांनी एकदाही विचारलं नाही, काय दिसलं म्हणून. का विचारलं नाही, हे आता मला कळायचं नाही.

"रत्नव्वा," मी म्हणाले, "उजवा डोळा मिट. डावा उघडा ठेव. मध्ये चाक आहे बघ, ते हळू फिरव."

"दिसलं की वो."

"दिसलं नाही तर नाही म्हण. मला वाईट वाटणार नाही."

ती थांबली. हसू ओसरलं. मग तिनं उजवा डोळा घट्ट मिटला, इतका की गालही वर चढला, आणि सिमेंटनं फुटलेलं बोट चाकावर ठेवलं. जिन्यातून मिस्त्रीची हाक आली. तिनं ओ दिली नाही. विटांवरून पाणी थेंब थेंब खाली पडत होतं. मी हात लांब करून पट्टा धरून उभी होते, हाताला रग लागली होती.

बराच वेळ तिचं बोट चाकावर मागं-पुढं फिरत राहिलं. काय दिसलं, ते त्यांच्यासारखंच मीही विचारलं नाही.